तिसऱ्या मजल्यावरचं कुलूप

अब्बा बिडी ओढतात आणि कापसात झोपतात. या दोन्ही गोष्टी एकाच टिनाखाली होतात, हा विचार नगमाच्या मनातून काही केल्या जाईना. मुलीच्या, तुबाच्या वेण्या घालताना तो यायचा, भाकरी थापताना यायचा. तिचा नवरा उसामा संत्र्याच्या हंगामात शेंदूरजनाघाटला व्यापाऱ्याकडे मुक्कामाला असायचा. त्याला फोनवर सांगितलं की तो हसायचा. "अगं, त्यांचा जन्म गेला कापसात. कधी पेटला का?" नगमा फोन ठेवायची, आणि अमरावतीच्या त्या दोन खोल्यांत तिला उगाच जळका वास यायचा.

तिचे अब्बा गयासुद्दीन पिंजारी होते. अकोल्याच्या अलीकडे एका तालुक्याच्या गावी नाल्याकाठी त्यांची वस्ती होती. मातीचं घर, समोर कडुनिंब, निंबाखाली टिनाची छपरी आणि छपरीच्या आड्याला टांगलेली धुनकी. ही धुनकी धनुष्यासारखी लांब, तिला आतड्याची दोरी, म्हणजे तात, ताणलेली. लाकडी मुठ्या तातेवर बसला की दबलेला कापूस उसळून वर यायचा आणि धुन धुन आवाज गल्लीभर जायचा. त्याच आवाजात नगमानं अभ्यास केला, बी.ए. झाली. कॉलेजला निघाली की तिची अम्मी, जैनबबी, ओढणीवरचं कापसाचं तूस वेचायची. "थांब, नाईतर पोट्ट्या म्हणतीन, म्हातारी आली शिकाले."

तेव्हा आजूबाजूच्या खेड्यांत एक रीत होती. पोरीचं लग्न ठरलं की तिची गादी घरच्या शेतातल्याच कापसाची भरायची. बाजारच्या कापसावर झोप उसनी असते, असं बायका म्हणायच्या. कितीही नड असो, वेचणीतलं एक गाठोडं बाजूला राहायचं आणि पिंजाऱ्याला सांगावा जायचा. गयासुद्दीन अंगणात बसून कापूस पिंजायचे, गादी भरायचे, टाचायचे. निघताना घरधनीण जैनबबीसाठी लुगडं द्यायची.

मग कापसाची वाईट वर्षं आली. भाव पडले, विहिरी आटल्या, बाजूला ठेवलेलं गाठोडंही व्यापाऱ्याच्या गाडीत जाऊ लागलं. लग्नात शहरातून फोमच्या गाद्या आल्या. कुणाच्या अंगणात तर लग्नाऐवजी तेरवीचाच मांडव पडला. गयासुद्दीनांना सांगावे कमी येऊ लागले. जुन्या उशा, फाटक्या रजया यांच्यावर ते दिवस काढत होते.

अशातच नगरपरिषदेनं वस्तीसाठी घरकुल योजना आणली. जुनी घरं पाडायची, पलीकडच्या मोकळ्या जागेवर इमारती बांधायच्या आणि वस्तीच्या जागी बाजार करायचा. पाहणीला साहेब येणार असं कळलं तेव्हा शेजारच्या देवराव हमालानं घरोघरी बातमी फिरवली.

"धंदा सांगू नका रे बाप्पा! धंदा सांगतला का ते दुकान लिहितेत, अन् दुकानवाल्याले घरकुल भेटत नाई."

हे त्याला कुणी सांगितलं, हे विचारायची कुणालाच गरज वाटली नाही. वस्तीतल्या मैनाबाईनं शेळ्या भावाच्या गोठ्यात नेऊन बांधल्या. शिवणयंत्रांवर चादरी पडल्या. गयासुद्दीनांनी धुनकी उतरवून चटईत गुंडाळली आणि पलंगाखाली सरकवली. तरी टोक बाहेर राहिलं. त्याच्यावर जैनबबी लुगडं पसरून बसली.

"काय करता चाचा?" साहेबानं विचारलं.

"कायच नाई साहेब. बसून राहतो." गयासुद्दीनांनी हात जोडले.

साहेबानं त्यांच्या भुवयांकडे पाहिलं. भुवयांवर तूस होतं. पण उन्हं चढली होती, आणि तो पुढच्या घरी गेला.

घरं बांधली गेली ती अशा बसून राहणाऱ्या माणसांसाठीच. अंगण नाही, ओटा नाही, शेळी बांधायला खुंटा नाही. नळ, संडास, पक्की भिंत मात्र होती, आणि ती पाहून जैनबबीचे डोळे पहिल्यांदा भरून आले. ईश्वरचिठ्ठीनं मजले वाटले गेले. मैनाबाईला तळमजला मिळाला, देवरावला दुसरा आणि गयासुद्दीनांना तिसरा. जैनबबीचे गुडघे तेव्हाच गेलेले होते. एकदा ती जिना चढली तेव्हा दर वळणावर बसत वर पोचली आणि मग ईद होईपर्यंत खाली उतरलीच नाही. शेवटी नगमानं तिला अमरावतीला आणलं.

"मी काय चिमणी हाये का, वर घरटं करून बसाले?" ती विचारायची. तिला हसू यायचं नाही आणि ऐकणाऱ्यालाही यायचं नाही. उतारवयात नवरा एका गावी आणि बायको दुसऱ्या गावी, याला काही भांडण कारण नव्हतं. जिना होता.

गयासुद्दीनांनी वर काम करून पाहिलं. पंख्याच्या कडीला धुनकी टांगली. तिसऱ्या दिवशी देवराव वर आला.

"गयासभाई, आमचं छत हालून राह्यलं. अन् वरणात कापूस."

"तूच म्हणला होता ना, धंदा सांगू नको?"

"सांगू नको म्हणलं होतं. करू नको, हे आता म्हणून राह्यलो."

दोघं हसले, पण धुनकी उतरली. जुन्या वस्तीच्या जागेवर बाजाराचं काम अजून सुरू झालेलं नव्हतं. सगळं सपाट झालं होतं. निंब आणि छपरी तेवढी उभी होती. गयासुद्दीन तिथं जाऊन काम करू लागले. दिवसा काम करायचे आणि रात्री घरी परतायचे.

खुशालराव आले आणि तेही मोडलं. खुशालराव जुने गिऱ्हाईक, कोरडवाहू शेतकरी. बैलगाडीतून त्यांनी कापसाची दोन गाठोडी उतरवली.

"चार सालापासून घरी एक बोंड राहू देलं नाई, गयासभाई. यंदा पोरीचं लग्न हाये. हे तेवढं वाचवलं. आता तुमच्या हवाली."

गयासुद्दीनांनी मूठभर कापूस हातात घेऊन उकलून पाहिला. तो तसाच हातात ठेवून म्हणाले, "अमानत हाये. मी इथंच झोपतो."

म्हणून ते तिथं झोपू लागले, आणि तिसऱ्या मजल्यावर कुलूप लागलं. घरकुलांत खरोखर कोण राहतं हे पाहायला नगरपरिषदेचे लोक आले, तेव्हा त्यांना ते कुलूपच दिसलं. ते पुन्हा आले आणि पुन्हा कुलूप दिसलं. मग दारावर नोटीस लागली: आठवड्याच्या आत खुलासा करा, नाहीतर घर दुसऱ्याला दिलं जाईल.

पाहणीला आलेला तो साहेब म्हणजे नितेश नावाचा तरुण अभियंता; मैनाबाईकडून नंबर घेऊन त्यानं नगमाला फोन केला.

"ताई, तुमचे वडील घर भाड्यानं द्यायच्या बेतात आहेत का?"

"नाही हो!"

"मग राहत का नाहीत? काही कामधंदा करतात का बाहेर?"

नगमाच्या तोंडून आपोआप निघालं, "नाही. काही करत नाहीत. म्हातारे आहेत."

तो म्हणाला, "इमारतीत खाली एक खोली रिकामी आहे, मागं मोकळी जागाही आहे. अदलाबदल करता येते का, ते मी वर विचारू शकतो. पण कारण लागतं, ताई. काही न करणाऱ्या माणसासाठी मी काय सांगू?"

दुसऱ्या दिवशी तुबाला अम्मीजवळ ठेवून नगमा बडनेऱ्याहून गाडीनं गावी गेली. सपाट मैदानात तो आवाज लांबूनच ऐकू आला. अब्बा पाठमोरे बसले होते, वर कापूस उडत होता. बिडीचं बंडल छपरीबाहेर, दगडाखाली ठेवलेलं होतं. ते पाहून तिला थोडं बरं वाटलं, आणि तिथल्या तिथं रडूही आलं.

"काहून आली? पोरगी बरी हाये ना?"

तिनं सगळं सांगितलं. नोटीस त्यांना ठाऊक होती.

"तेवढे दिवस तरी वर झोपा, अब्बा."

"अन् हे? उघड्यावर सोडू? पोरीचा कापूस हाये तो."

"मग मी साहेबांना खरं सांगते. खाली खोली आहे. अम्मीला आणता येईल."

मुठ्या थांबला. "नको."

"का?"

"त्याच्यासमोर हात जोडून बोललो होतो मी, काय करत नाई म्हणून. आता पोरीच्या तोंडून सांगू, का गयासुद्दीन झूठा हाये? झूठ्याले घर देतीन? हाये ते बी घेतीन."

हे तिलाही नाकारता येईना. अम्मीला खाली आणता आणता डोक्यावरचं छप्परच जायचं, ही भीती तिचीही होती. त्यांनी तिच्या हातात एक छोटी उशी दिली. "तुबाले दे. माझ्या कापसाची हाये, अमानतीची नाई." आणि पुन्हा आवाज सुरू झाला.

परतली तेव्हा जैनबबी भिंतीला टेकून गुडघ्यांवर तेल चोळत होती.

"काय म्हणला?"

"नको म्हणाले. लाज वाटते त्यांना. अम्मी, खरं सांगितलं आणि घर काढून घेतलं तर?"

जैनबबी तेल चोळत राहिली. "न सांगता बी काढूनच घेऊन राह्यले ना? अन् लाज म्हणशील, तर त्या दिवशी धुनकीवर मी बसली होती. माह्या खाली झाकली होती ते. त्याच्या एकट्याची कायची लाज?"

"ते रागावतील."

"रागवू दे. रागवाले तरी एका घरात राहू." तिनं उशी नाकाशी नेली आणि मांडीवर ठेवली.

सकाळी तुबा शाळेत गेली. नगमानं उरलेली भांडी घासली, कारण कार्यालय उघडायला अजून वेळ होता आणि कारण तिला भीती वाटत होती. अब्बा आपल्याशी किती दिवस बोलणार नाहीत, याचा तिला अंदाज येत नव्हता. साहेब भला निघेल की नाही, याचाही नाही. पण खुशालरावांची गादी भरून होईपर्यंत अब्बा छपरीतून हलणार नाहीत, आणि नोटीस त्या गादीसाठी थांबणार नाही, एवढं तिला पक्कं कळत होतं.

तिनं हात पुसले आणि नितेशचा नंबर काढला. पहिलं वाक्य तिनं मनात पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं: साहेब, परवा मी खोटं बोलले, माझे वडील पिंजारी आहेत, ते काम करतात.

मग तिनं बटण दाबलं.