निवांत मास्तर

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शेजारच्या सीटसमोर, पायाशी एक जादा ब्रेक असतो. त्या ब्रेकवर पाय ठेवून ज्यांचं अर्धं आयुष्य गेलं, त्यांना सगळं शहर निवांत मास्तर म्हणायचं.

आधी त्यांचा शब्द वेगळा होता. समोरून टँकर आला, गाडी आचके द्यायला लागली, की ते म्हणायचे, “शांत व्हा.” मग एकदा निवृत्त झालेल्या एक नर्सबाई शिकायला आल्या. वळणावर त्या गांगरल्या आणि मास्तरांनी सवयीनं “शांत व्हा, बाई” म्हटलं. बाईंनी गाडी रस्त्यात आडवीच उभी केली.

“मास्तर, दुसरं काहीही म्हणा. आमच्या वॉर्डात पेशंट शांत झाला, की त्याच्या घरच्यांना फोन करावा लागायचा.”

मास्तरांना ते पटलं. त्यांनी नवा शब्द शोधायला घेतला. दुसऱ्या दिवशी “स्वस्थ बसा” म्हणून पाहिलं, तर नर्सबाईंनी चालत्या गाडीत स्टिअरिंग सोडून हात मांडीवर ठेवले. बँकेतल्या कारकुनाला “थंड घ्या” म्हटलं, तर तो घाम पुसत म्हणाला, “घेऊ की, पण आधी ही गाडी थांबू द्या.” शेवटी ‘निवांत’वर येऊन गाडी थांबली. त्या शब्दात कुणी मेलेलं नव्हतं आणि काही प्यायचंही नव्हतं.

पण शिकणारे काही खुळे नव्हते. नुसतं “निवांत” म्हणजे सगळं ठीक. “निवांऽऽत” म्हणजे बाजूनं सायकलवाला चाललाय. आणि “निवांत, निवांत, निवांत हां” असं एका दमात आलं, की मास्तरांचा पाय ब्रेकवर गेलासुद्धा. एक आचारी तर उघड सांगायचा, “मास्तर निवांत म्हणाले की माझ्या पोटात गोळा येतो.” मास्तरांना हा त्याचा विनोद वाटायचा.

लेक लग्न होऊन शेजारच्या शहरात गेली, तिला मूल झालं, तेव्हा जावयानं आपली जुनी गाडी सासऱ्यांना देऊन टाकली. बेकरीत काम करणाऱ्या मास्तरांच्या बायकोनं त्याच संध्याकाळी जाहीर केलं, “मी शिकणार.”

“कशाला? मी आहे की.”

“तुम्ही असता कुठे? दिवसभर दुसऱ्यांच्या बायकांना निवांत करत असता.”

सुट्टीच्या दिवशी सकाळी दोघं गाडीत बसली. बायकोनं पदर खोचला, आरसा बघितला, क्लच सोडला. गाडी सुरेख निघाली. तेवढ्यात मास्तरांचा पाय नेहमीच्या जागी गेला आणि तिथे ब्रेक नव्हता. नुसती चटई.

मग जे काही झालं, ते त्या रस्त्यानं कधी ऐकलं नव्हतं. “अगं ब्रेक! अगं क्लच! खांब! अगं बाई, खांब, खांब!”

बायकोनं भर चौकात गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला आणि किल्ली काढून हातात घेतली. मागे हॉर्नचा नुसता गोंगाट.

“अहो, खांब रस्त्याच्या पलीकडे आहे. तो काही उठून अंगावर येणार नाही.”

“तू चालव, चालव आधी.”

“लोकांना निवांत म्हणता आणि मला खांब?”

मास्तर कधी नव्हे ते खरं बोलून गेले. “लोकांच्या वेळी माझ्या पायाखाली ब्रेक असतो गं.”

बायकोनं त्यांच्याकडे नीट बघितलं. हसू येत होतं, पण तिनं ते दाबलं. “मागे जाऊन बसा,” ती म्हणाली.

हॉर्नच्या गोंगाटात मास्तर खाली उतरले आणि पाहुण्यासारखे मागच्या सीटवर बसले. घर येईपर्यंत गाडी पहिल्या गिअरच्या वर गेली नाही. “मागे काय तुडवताय?” एवढंच तिनं मध्ये एकदा विचारलं.

दुसऱ्या दिवशी तिनं त्याच स्कूलमध्ये नाव घातलं, पण मास्तरांकडे नाही. तिथे एक तरुण मुलगी शिकवायची. तिला गाडी शिकवली होती मास्तरांनीच. ती कुणाला धीरबीर देत नसे. मालिकेत काल काय झालं ते सांगत बसायची आणि मध्येच “आता डावीकडे” म्हणायची. मास्तरांना ही पद्धत अगदी वाह्यात वाटली. बायको पहिल्या झटक्यात पास झाली.

मग दोघं लेकीकडे निघाली. मास्तरांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले होते. हमरस्त्याला लागल्यावर ती बेकरीतल्या गमती सांगायला लागली आणि बोलण्याच्या नादात लेकीच्या शहराचा फाटा मागे गेला. मास्तरांनी तो बघितला. ओठ घट्ट मिटून घेतले. पुढे कधीतरी तळं लागलं, मग उसाची शेतं, आणि बायकोच्या लक्षात आलं.

“अहो, फाटा गेला वाटतं!”

“मघाशीच गेला.”

“तुम्हाला दिसला?”

“दिसला की.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू छान चालवत होतीस.”

“म्हणून काय जन्मभर सरळ जायचं?” ती इतकी संतापली, की पेट्रोल पंपावरून गाडी वळवताना तिला भ्यायचंही सुचलं नाही.

पोचेपर्यंत जेवण गार झालं होतं. जावई धावत बाहेर आला, “द्या आई, मी लावतो.” “नको,” ती म्हणाली, “मीच लावते.” जागा अरुंद. लेक, जावई, वरच्या मजल्यावरचे काका, सगळे ओरडायला लागले, “घ्या, घ्या, अजून घ्या! बस्स! अहो बस्स!” लेकीनं खिडकीवर टकटक केली, “बाबा, तुम्ही तरी उतरा.” मास्तरांनी नाही म्हणून मान हलवली आणि बायकोशेजारी गप्प बसून राहिले.

एक कुंडी गेली. तशी आधीपासूनच तडकलेली होती.