नातजावई जिथे गप्प बसतो

आमचा नातजावई गोरा आहे. गोरा म्हणजे स्थळ सांगताना सांगतात तसा नव्हे. खराखुरा गोरा, उन्हात दहा मिनिटं ठेवला तर उकडलेल्या कोळंबीसारखा लाल होणारा. नात शिकायला परदेशी गेली आणि पदवी व हा, असं दोन्ही घेऊन आली. लग्न तिकडेच नोंदवून मोकळी झाली होती, त्यामुळे मला नाक मुरडायलासुद्धा सवड मिळाली नाही. यंदा उन्हाळ्यात दोघं महिनाभर वटार गावी आमच्याकडे राहायला आली.

मला जसा चहा लागतो तसं त्याला हिपहॉप लागतं. सकाळी केळीची सुकलेली पानं काढायला वाडीत जायचा, तेव्हा बावखलाच्या, म्हणजे आमच्या वाडीतल्या तळ्याच्या काठावर डबीएवढा स्पीकर ठेवायचा. त्या डबीतून असा आवाज निघे की बेडकांनी घर बदललं असेल. गाणारे सगळे तिकडचे काळे लोक. आणि हा पांढरा बगळा त्यांच्याबरोबर अक्षर न अक्षर म्हणत, अंगावर मुंगळे चढल्यासारखा केळींमधून नाचत असायचा. मी मोगरा खुडता खुडता बघत बसे. माझ्या वयात करमणूक चालून आली तर नाही म्हणू नये.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की तो मध्येच गप्प बसतो. गाणं सुसाट चाललेलं असतं, एक शब्द येतो, ह्याचे ओठ मिटतात, मान तेवढी हलते आणि पुढच्या शब्दाला पुन्हा गाडी सुरू. प्रत्येक वेळी त्याच शब्दाला. आधी वाटलं, अडखळतोय. मग वाटलं, शिवी असेल, माझा मान राखतोय. पण बाकीच्या शिव्या बिनदिक्कत चालल्या होत्या. इंग्रजी येत नसलं तरी शिवी ओळखू येते, ती देताना माणसाचा चेहरा सुखावतो.

शेवटी नातीला विचारलं. ती म्हणाली, "आजी, तो शब्द म्हणजे गोऱ्यांनी काळ्यांना दिलेली शिवी आहे. आता ते लोक आपापसात वापरतात, गाण्यात घालतात. त्यांनी म्हटलं तर चालतं. ह्याने म्हणायचं नाही."

"मग ह्याने ऐकायचं तरी कशाला?"

तिने त्याला विचारलं. त्याने हातातला कोयता खाली ठेवला आणि बराच वेळ काहीतरी सांगितलं. नातीने त्याचं जे मराठी केलं ते असं की गाणं त्याला प्राणाहून प्रिय आहे, पण ते घर दुसऱ्याचं आहे. जेवायला बोलावलं म्हणून कोणी त्यांच्या फडताळातले डबे उघडून बघत नाही. हे त्याला जन्मतःच कळत नव्हतं. सोळाव्या वर्षी तोही तो शब्द मोठ्याने म्हणायचा, टेबलं बडवून. एकदा वर्गातल्या काळ्या मित्राने ऐकलं. मित्र भांडला नाही, काही नाही. दुसऱ्या दिवसापासून दुसऱ्या बाकावर जाऊन बसला.

हे ऐकून मी हसायला पाहिजे होतं, मला कशाचंही हसू येतं. पण परडीतल्या कळ्या नुसत्याच खालीवर करत राहिले. बाक बदलून बसलेली एक मुलगी मलाही माहीत होती.

त्याच रविवारी दोघं मला रिक्षात घालून नालासोपाऱ्याला आचोळ्यात घेऊन गेली. एका इमारतीच्या गच्चीवर तिथली पोरं रॅप करत होती, हिंदी-मराठीची भेळ. पाण्याचा टँकर, लिफ्ट बंद पडलेली बिल्डिंग, बापाची रात्रपाळी, सगळं त्या भेळेत. मला निम्मं कळलं आणि कळलेलं सगळं आवडलं. गोरा पाहुणा बघून पोरांनी माईक पुढे केला, ये म्हणाली. ह्याने हात जोडले आणि गर्दीत उभा राहून टाळ्या वाजवत राहिला. मला बोलावलं असतं तर मी गेले असते. आयुष्यभर माझं तिथेच चुकत आलं आहे.

आता त्या दीडशहाणीबद्दल सांगते. दीडशहाणी म्हणजे मीच, वय पंधरा, दोन वेण्या, वर्गाची मॉनिटर. बागायतदाराची मुलगी, बापाच्या केळी आणि पानवेली, त्यामुळे नाक बावखलाच्या पाण्यापेक्षा चार हात वर. घरात आम्ही आमची वाडीतली बोलीच बोलायचो, पुस्तकातल्या मराठीला उंबऱ्याच्या आत मज्जाव होता. पण शाळेच्या फाटकात शिरलं की ही बाई व्याकरणाची पुतळी व्हायची. शेजारी बाकावर किनाऱ्यावरच्या राजोडी गावची एक कोळ्याची मुलगी होती. ती "पानी" म्हणाली की दीडशहाणी लगेच "पाणी" म्हणून सुधारायची, जसं काही हिच्या ण ने तिची तहान जास्त भागणार होती.

तरी मैत्री होती. मी रोज तिच्यासाठी वाडीतल्या मोगऱ्याचा गजरा न्यायचे आणि त्याच्या बदल्यात ती मला गाणी शिकवायची. तिची आई, आजी, काकी दगडावर कपडे आपटताना म्हणायच्या ती गाणी. घरी मी ती कधी म्हटली नाहीत, आमच्याकडे त्यांना "मच्छीवालीचं ओरडणं" म्हणायचे. पण मी न्हाणीघरात पाण्याचा नळ सोडून ती म्हणायचे आणि माझ्या अंगावर काटा यायचा.

त्यांतलं एक वेगळं होतं. होड्या समुद्रात असताना वारा फिरला की त्यांच्या आळीतल्या बायका वाळूत उभ्या राहून ते म्हणायच्या. "वारा फिरला गो, घरा ये रं..." आणि पुढे मोकळी जागा. त्या जागी जिचं माणूस बाहेर आहे तिने त्याचं नाव घ्यायचं, हळू. बाकीच्यांनी गप्प राहायचं. मैत्रिणीने हे मला बजावून सांगितलं होतं, "तुजा कोन दर्यात नाय. तू तिथं गप ऱ्हा."

गॅदरिंगला आम्हा मुलींचं कोळीनृत्य ठरलं. नाचणाऱ्या आठही मुली बागायतदारांच्या आणि शिक्षकांच्या. खरी कोळीण वर्गात असून तिला कोणी विचारलं नाही, नाचासाठी ती फार साधी दिसते म्हणे. मीच म्हणाले असेन, दुसरं कोण म्हणणार. तिच्याकडून आईचं लुगडं मात्र मागून आणलं आणि गाणं म्हणून ते वारा फिरल्याचंच घेतलं. कोळीण दिसावी म्हणून दीडशहाणीने तोंडाला काजळ फासलं. भाषा खरी वाटावी म्हणून होते नव्हते तेवढे ण खाऊन टाकले, आणि जिथे मुळातच न होता तिथे काय करावं ते न सुचल्यामुळे ण लावले. "मनात" चं "मणात" केलं. मागे बसलेल्या राजोडीच्या बाया तेव्हा पदर तोंडाला लावून हसत होत्या. मला वाटलं, नाच आवडला.

आणि ती मोकळी जागा आली. गप्प राहायचं ते माझ्या जिभेला कुठून जमणार? मी त्या जागी गणिताच्या मास्तरांचं टोपणनाव ठोकून दिलं. "घरा ये रं" आणि मास्तर. मंडप हसून पडला. मास्तरही हसले. मला पहिला नंबर, स्टीलचा पेला, त्यावर कोरून "कोळीनृत्य, प्रथम क्रमांक".

त्या आठवड्यात मैत्रिणीचे वडील समुद्रात होते आणि वारा खरोखर फिरला होता. दोन दिवस होडीचा पत्ता नव्हता. ती गॅदरिंगला आली होती ती फक्त आईचं लुगडं परत न्यायला. तिसऱ्या दिवशी वडील सुखरूप आले, नाहीतर ही हकीकत मी लिहायला घेतलीच नसती. पण चौथ्या दिवशी तिने बाक बदलला. मी गजरा पुढे केला तर म्हणाली, फुलांनी डोकं दुखतं. दुसऱ्या दिवशी डोक्यात अबोली होती.

पुढे तिचं लग्न राजोडीतच झालं, माझं वटारातच. तिने मासळी विकायला घेतली आणि वटारची आळी तिच्या वाट्याला आली. तेव्हापासून ती आमच्या गल्लीत येते. आमच्या अलीकडच्या घरापर्यंत "म्हावरं" म्हणून हाक, आमच्या फाटकासमोर ओठ बंद, पलीकडच्या घरापासून पुन्हा हाक. पन्नास वर्षं. पाटीच्या जागी प्लास्टिकचा टब आला, ती शेअर रिक्षाने नाक्यापर्यंत येऊ लागली, पण हा नियम मोडला नाही.

मी काही गप्प बसले नाही. सुनेला नवी असताना, ही मासळीवाली कोण ते न सांगता मासळी घ्यायला शेजारच्या अंगणात पाठवलं. दोन पापलेटं पिशवीत पडली, मग तिने विचारलं, "कुनाची सून?" सुनेने खरं सांगितलं. पापलेटं पुन्हा पाटीत गेली. एकदा मी स्वतः फाटकात दहा मिनिटं झाडू मारत उभी राहिले, तिने माझ्या झाडूला वळसा घातला. एवढी वर्षं मी बाजारातली मासळी खाल्ली आणि घरातल्यांना सांगितलं की आपल्याला ताजी सोसत नाही. माफी मागायची सोडून सगळं केलं. ती एकदा आमच्या फाटकाशी थांबावी, दोघींपैकी एक जायच्या आधी, एवढंच मनात होतं. पण मॉनिटरने माफी मागायची कशी, हे शाळेत शिकवलं नव्हतं.

तर गेल्या आठवड्यातली गोष्ट. सकाळचे दहा, ऊन असं की कावळाही सावलीत. नातजावई फाटकाशी जास्वंदीची छाटणी करत होता. मी ओटीवर. ती अलीकडच्या घराहून निघाली, हाक बंद झाली, आमच्यासमोर आली. कपाळावरून घाम गळत होता. नातजावयाला मराठी शब्द वापरून बघायची खोड आहे, आणि त्याच्या जिभेला ण आणि ळ काही केल्या येत नाहीत. केळीला "केली" म्हणतो. त्याने तिला बघितलं आणि विचारलं, "मावशी, पानी?"

ती थांबली.

"काय बोललास रं?"

"पानी," तो म्हणाला आणि घरात पळाला.

तिने टब डोक्यावरून उतरवला आणि फाटकाच्या आत, पायरीवर ठेवला. मी उठले आणि पुन्हा बसले.

"तुज्या घरात पानी बोलनारा आयला शेवटी," ती म्हणाली. पन्नास वर्षांतलं पहिलं वाक्य. "जावई का?"

"नातजावई."

"तुज्यापेक्षा साफ बोलतंय."

तेवढ्यात तो माठातलं पाणी घेऊन आला. फडताळात भांड्यांची ही रांग असताना त्या महाभागाने कोणता पेला उचलावा? तो बक्षिसाचाच, मी त्याने तांदूळ मापते. तिने पाणी एका दमात प्यायलं, पेला फिरवला, कोरलेली अक्षरं अंगठ्याने चाचपली.

"ह्योच तो?"

"तोच."

माझ्याकडे पन्नास वर्षं घोटून तयार केलेलं भाषण होतं, चांगल्या शुद्ध मराठीत. तोंडातून आलं ते एवढंच, "तुझ्या आईच्या लुगड्याला मी पिना टोचल्या होत्या. आणि ते नाव... तिथे मी गप्प राहायला हवं होतं."

"भोकं म्या रफू केली," ती म्हणाली. पिनांचं उत्तर मिळालं, बाकीच्याचं नाही. मग पायरीवर टबाशेजारी टेकली. "म्हन."

"काय?"

"गानं. बगू याद हाय का."

मी म्हटलं. आवाज फुटक्या पाइपासारखा, पण ण होता तिथे ण आणि न होता तिथे न, माझ्याच जिभेने. "घरा ये रं" ला पोचले. खोटं कशाला बोलू, मास्तरांचं टोपणनाव अजून जिभेच्या टोकावर होतं, आणि अजूनही ते विनोदी आहे. मी ओठ मिटले. नातजावयाला शब्द एक कळत नव्हता, पण तो जास्वंदीपाशी उभा राहून त्या जागी मान हलवत होता. बावखलाच्या काठावर हलवतो तशीच.

तिने एक नाव घेतलं, हळू. तिचा नातू बोटीवर असतो, हे मला नंतर कळलं. ते नाव मी इथे लिहीत नाही. ते माझं नाही.

मग ती उठली, पेला टबात मासळीखाली घातला, म्हणाली, "ह्यो माजा," आणि टब डोक्यावर घेऊन चालू लागली. त्या दिवशी तांदूळ अंदाजाने घेतले, भाताची खीर झाली.

दुसऱ्या दिवशी टब फाटकाशी थांबला. तिने मला स्वतः निवडून बोंबील दिले आणि त्यांना आदल्या दिवसाचा वास येत होता. नातीने नाक दाबलं. मी बोलायला तोंड उघडलं, नातजावयाकडे बघितलं आणि मिटलं. तळून खाल्ले. पुढचे दोन दिवस मी कुठे होते ते विचारू नका.

तिसऱ्या दिवशी ती आली तेव्हा मीच फाटकात उभी होते. ठरवलं होतं, आज आपण तिच्यासारखं "पानी" म्हणायचं, लाज धरायची नाही. पण सत्तरी उलटल्यावर जीभ कोणाचं ऐकते?

"पाणी देऊ?" मी विचारलं.

ती थांबली, टब उतरवला.

"दे," ती म्हणाली. "तुजं पन चालंल."