पैसा तुन्हा, पॉइंट मन्हा

दुकानात शिरल्यावर माणूस आधी वस्तू बघतो, मग भाव विचारतो. आमचे पॉइंटआप्पा आधी गल्ल्याकडे बघत. तिथे कार्डाचे यंत्र दिसले की त्यांचा चेहरा खुलायचा. नाही दिसले, तर दुकान कितीही नामांकित असो, आप्पा चपला सरकवत बाहेर. एका पावसाळ्यात ते नंदुरबारच्या बाजारात छत्री घ्यायला गेले. यंत्र असलेल्या दुकानातल्या छत्र्या संपल्या होत्या, म्हणून इस्त्री घेऊन आले. भिजतच आले.

आप्पा म्हणजे माझ्या यजमानांचे मोठे काका. कोरीटला त्यांची शेती. मिरची आणि कापूस. धोतर सुटले नव्हते, मिशी पांढरी झाली होती आणि जन्मात कधी विमानात पाय ठेवला नव्हता. तरीही तीन विमान कंपन्यांचे ते सभासद होते आणि तिन्हींचे पॉइंट त्यांच्याकडे साठत होते. एका बँकेच्या शिबिरात त्यांना क्रेडिट कार्ड मिळाले. खर्च केला की कार्डावर पॉइंट पडतात आणि ते पॉइंट विमान कंपनीकडे वळवले की फुकट तिकीट मिळते, एवढे त्या शिबिरात त्यांनी ऐकले. बाकीच्यांनी चहा पिऊन कार्ड कपाटात टाकले. आप्पांनी ते देवासारखे धरले.

मी जिनिंग फॅक्टरीत हिशेब बघते, म्हणून या विषयावर बोलायला त्यांना घरात मीच सापडले. परदेशी कंपन्यांची नावे त्यांच्या जिभेवर बसत नसत. त्यांनी तिघींना स्वतःची नावे दिली: ज्वारी, बाजरी आणि गहू. ज्वारी देशातल्या देशात उडायची, बाजरी आखातापर्यंत जायची, गहू थेट ऑस्ट्रेलियाला. कार्डावरचे पॉइंट म्हणजे बियाणे. ते कुठल्याही शेतात पेरता येते. पण एकदा पेरले की उकरून दुसऱ्या शेतात नेता येत नाही. मी कंपन्यांचे नियम इंग्रजीतून पानेच्या पाने वाचले आहेत. आप्पांच्या या दोन वाक्यांत भर घालण्यासारखे मला फार थोडे सापडले.

पण एका शेतकऱ्याचा खर्च तो किती? त्यातून विमान कधी उडणार? आप्पांनी उपाय काढला. गावात कुणी काही मोठे घ्यायला निघाले की आप्पा सोबत जायचे. पैसे देणाऱ्याने आप्पांच्या खात्यावर तिथल्या तिथे पाठवायचे, यंत्रात कार्ड आप्पांचे. "पैसा तुन्हा, पॉइंट मन्हा," हे त्यांचे ब्रीद. लग्नाचे कार्यालय, ठिबकच्या नळ्या, पिठाची गिरणी, पोराची कॉलेजची फी. कशालाही आप्पा हजर. लोक म्हणत, मुलगी बघायला जाताना आप्पांना नेऊ नका, ते मुलीऐवजी कार्यालय ठरवून येतील.

शेजारच्या रामदासभाऊंचे पित्ताशयाच्या खड्यांचे ऑपरेशन झाले तेव्हाची गोष्ट गावात अजून सांगतात. आप्पा भेटायला गेले. खाटेजवळ बसले, कपाळावर हात ठेवला, दुखते का विचारले. रामदासभाऊंच्या डोळ्यांत पाणी आले. मग आप्पांनी हळूच विचारले, बिल झाले का? रामदासभाऊ पुढे सगळ्यांना सांगत, डॉक्टरांनी माझे खडे काढले आणि आप्पांनी त्यांचे पॉइंट केले.

प्रवास मात्र आप्पा एसटीनेच करत, तोही ज्येष्ठ नागरिकांच्या सवलतीत. तळोद्याला जाताना एकदा त्यांनी कंडक्टरला विचारले की रोज जाणाऱ्याला तुमच्यात काही पॉइंट वगैरे मिळतात का. कंडक्टरने तिकीट फाडून हातात दिले. "आप्पा, अर्धं तिकीट शे तुमनं. आखो पॉइंट बी जोयजे का?" आप्पांना हे उत्तर पटले. चालवणाऱ्याचेही पाहिले पाहिजे, असे ते मला म्हणाले.

एक कंपनी प्रश्नावली भरली की थोडे पॉइंट द्यायची. ती भरायला आप्पा ओट्यावर बसत. मी इंग्रजी प्रश्न मराठीत सांगायचे आणि भाजी निवडणाऱ्या जिजी, म्हणजे त्यांच्या पत्नी, उत्तरे द्यायच्या. सुट्टीत तुम्ही कुठल्या पाण्याकाठी जाता, या प्रश्नावर जिजींनी मान वर न करता सांगितले, परकाशाले. तापीकाठचे प्रकाशे त्या यादीत नव्हते. आप्पांनी 'इतर'वर बोट ठेवले. त्या कंपनीकडे आमच्या घराची जी माहिती आहे ती अक्षरशः खरी आहे, याची मी हमी देते. गोल्फ कितीदा खेळता, याला आम्ही 'कधीतरी'सुद्धा लिहिले नाही.

आता हे सगळे कशासाठी, ते सांगते. आप्पांची एकुलती एक मुलगी हेमा लग्नानंतर मेलबर्नला गेली. जिजींच्या कमरेचे दोन मणके दबलेले. तासभर खुर्चीत बसल्या की उठताना भिंत धरावी लागायची. मेलबर्न म्हणजे बसून बसून जीव जायचा प्रवास. विमानात पुढच्या बाजूला खुर्चीची खाट होते आणि माणूस झोपून जाऊ शकतो, हे आप्पांना कळले त्या दिवशी त्यांनी जिजींना झोपवून नेण्याचा शब्द दिला. "तुले निजाडीसन लई जासू." जिजी तव्यावरची भाकरी उलटत म्हणाल्या, "निजाडीसन तं चार जण लई जातस. तुमले इतली काय घाई शे?"

त्या खाटेचे तिकीट पैशाने काढायचे तर मिरचीचे अख्खे पीक गेले असते. म्हणून पॉइंट. आप्पांनी वर्षानुवर्षे साठवले आणि वर्षानुवर्षे थांबले. गव्हाची कंपनी मधूनमधून जादा पॉइंट देण्याची योजना काढते, तेव्हाच बियाणे पेरायचे, असा त्यांचा बेत. मी कागदावर मांडून दाखवले की थांबणे तोट्याचे आहे, कारण या कंपन्या तिकिटाचा पॉइंटांतला दर न सांगता वाढवतात. आप्पा म्हणाले, वाफसा नसताना पेरणी करणारा माणूस मी पाहिला आहे, तो अजून कर्ज फेडतो आहे.

मग हेमाला दिवस राहिले. इकडे बाळंतपणाला येणे तिला जमणार नव्हते. आधी दोनदा गर्भ टिकला नव्हता आणि डॉक्टरांनी प्रवासाला सक्त मनाई केली होती. आईनेच जायला हवे होते. हेमा फोनवर म्हणाली, तिकीट मी काढते. आप्पांनी मुलीच्या पैशाने जायला नकार दिला आणि त्याच आठवड्यात गव्हाच्या कंपनीने दर वाढवला. मी म्हटले होते ते खरे झाले, पण ते बोलून दाखवण्याची ती वेळ नव्हती. एरवी मी दाखवलेच असते.

आम्ही ओट्यावर बसून हिशेब केला. दोन खाटा तर सोडाच, एक खाट मिळण्याइतकेही पॉइंट गव्हात नव्हते. सगळे बियाणे गव्हात टाकले तर एका माणसाचे एका बाजूचे तिकीट निघत होते, पण कोठी तळापर्यंत झाडून. आणि इथे घोडे अडले. आमच्याकडे धान्याची कोठी कधी पूर्ण रिकामी करत नाहीत. शेवटची मूठ तळाशी राहू द्यायची, म्हणजे बरकत राहते. आप्पा हा नियम पॉइंटांनाही लावत. तिन्ही कंपन्यांत त्यांची एक एक मूठ बाजूला असायची. मला वाटले, आज तरी ते हा नियम मोडतील. ते मोडायला तयारही झाले होते. अडून बसल्या त्या जिजी.

"कोठी झाडीसन माले जानं नई," त्या म्हणाल्या. पहिल्याच नातवंडाला बघायला घर रिकामे करून जायचे, हे त्यांच्या मनाला मान्य नव्हते. हेमाच्या दोन वेळच्या आठवणी त्यांच्या डोळ्यांपुढे असणार. मी सांगून पाहिले की हे धान्य नाही, संगणकातला आकडा आहे. जिजींनी विचारले, मग त्या आकड्यावर मी झोपून कशी जाणार? आयुष्यभर आप्पांनीच घराला शिकवले होते की पॉइंट म्हणजे धान्य. आता बदलून कसे सांगणार?

त्या तारखेच्या विमानात फुकटची एकच खाट शिल्लक होती आणि ती कुणीही उचलू शकत होते. आप्पांनी त्या आठवड्यात कुणालाही "काही घ्यायचे आहे का" असे विचारले नाही. पारावर बसत आणि गप्प राहत. गावाला तेच खटकले.

सर्वांत आधी रामदासभाऊ आले. ट्रॅक्टरची मागची दोन टायरे त्यांना दिवाळीनंतर घ्यायची होती. म्हणाले, आजच घेऊ, चला. त्यांच्यामागून कुणाची बोअरची मोटर आली, कुणाचे शिलाई मशीन, एका घराने तर पुढच्या उन्हाळ्यातल्या लग्नाचे कार्यालय आगाऊ धरले. मुलीचे बोलणे तोवर पक्के झाले नव्हते. लेकीच्या बाळंतपणाला गल्लीतल्या घराघरांतून मूठभर काहीतरी येतेच, कुणाचा गूळ, कुणाचे खोबरे. हेमाचे बाळंतपण समुद्रापलीकडे होते, म्हणून लोकांनी मूठभर पॉइंट दिले. रामदासभाऊंनी तर आप्पांचे ब्रीदच फिरवले. यंत्रापुढे उभे राहून म्हणाले, "पैसा आमना, पॉइंट जिजीना."

आप्पांनी त्यांच्याकडे पाठ करून कार्ड घासले. यंत्राने पावती दिली तरी ते वळले नाहीत.

कार्डाचे बिल निघाले, पॉइंट पडले, ते गव्हात पेरले, आणि खाट अजून शिल्लक होती. तिकीट निघाल्यावर कोठीत एक मूठ राहिली. मी ती जिजींना पडद्यावर दाखवली. त्यांनी चष्मा लावून आकडा बघितला आणि मग डिंक भाजायला घेतला. लाडू परदेशात अडवतील, असे आप्पांनी नियमात वाचून ठेवले होते. जिजी म्हणाल्या, लाडू अडवतील, हात तर अडवणार नाहीत. केलेले लाडू गल्लीत वाटले गेले. रामदासभाऊंनी दोन घेतले, टायरे दोन म्हणून.

मुंबईच्या विमानतळावर जिजी चाकाच्या खुर्चीत बसल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मागे न बघता आत गेल्या. आप्पा काचेबाहेर बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, आता ती झोपली असेल. विमान सुटायला अजून तीन तास होते.

पोहोचल्यावर जिजींचा फोन आला. आप्पांनी पहिला प्रश्न विचारला तो खाटेचा. जिजींनी सांगितले, खाट उत्तम होती, विमानातल्या मुलीने उशी दिली, पांघरूण दिले. "पन बाजूले पराया मानूस व्हता. मी कशी निजू?" मुंबई ते मेलबर्न जिजी त्या खाटेवर मांडी घालून, पदर घेऊन, ताठ बसून गेल्या होत्या. कमरेचे विचारले तर म्हणाल्या, मांडी घालून बसले की माझी कंबर दुखतच नाही.

इतक्या वर्षांचे पॉइंट. अख्ख्या गावाची मूठ. आप्पांनी फोन कानापासून दूर धरला, माझ्याकडे बघितले, परत कानाला लावला. "मंग पॉइंट वापस मांगू का?" पलीकडे जिजी हसल्या, हेमा हसली, आणि आप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. हेमाला मुलगा झाला. पूर्ण दिवसांचा, धडधाकट.

सहा महिन्यांनी जिजी परत आल्या, हेमाने काढलेल्या तिकिटावर. आप्पांनी त्यावर वाद घातला नाही, कारण त्यांनी नवा बेत आखला होता. या वेळी दोन खाटा, शेजारी शेजारी, म्हणजे बाजूला परका माणूस नको. ते पुन्हा लोकांबरोबर बाजारात जाऊ लागले. गव्हात एका खाटेपुरते जमले, दुसरीचे जमत आले होते, आणि गेल्या हिवाळ्यात आप्पा गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. नातवाला त्यांनी फोनच्या काचेतूनच पाहिले.

अंगणातून त्यांना उचलले तेव्हा पुढे उजवीकडे रामदासभाऊ होते. जिजी दारात उभ्या होत्या. चौघांनी खांदा दिला, तेव्हा त्या माझ्या कानाशी एवढेच बोलल्या की शेवटी झोपून तेच गेले. सुतक फिटते त्या गंधमुक्तीच्या दिवशी जेवणावळीच्या आचाऱ्याचे बिल आले. यजमानांच्या चुलतभावाने खिशातून पैसे काढले आणि क्षणभर थांबला. तिथे बसलेले आम्ही सगळेच थांबलो.

पुढे काही दिवसांनी मी जिजींना खरे ते सांगितले. सभासद गेला की त्याचे पॉइंट जातात; कंपनीचा नियम तसा आहे. गव्हातली पावणेदोन खाट कुणाच्या नावावर होत नाही. चोरून वापरता आले असते, पण ते मी करणार नव्हते आणि जिजींनी सांगितलेही नसते. त्यांनी ऐकून घेतले. ज्वारीत, बाजरीत मूठ आहे का, एवढे विचारले. आहे म्हटल्यावर म्हणाल्या, राहू दे.

मला वाटले, विषय संपला. परवा मी फ्रिज घ्यायला नंदुरबारच्या दुकानात गेले, तर जिजी सोबत येते म्हणाल्या. काठी टेकत आत शिरल्या आणि फ्रिजांकडे ढुंकूनही न बघता गल्ल्याकडे गेल्या. मी पर्स उघडली तशी त्यांनी माझा हात धरला आणि कमरेच्या पिशवीतून रुमालात गुंडाळलेले एक कोरे कार्ड काढले. बँकेत ठेव ठेवून त्यांनी ते स्वतःच्या नावावर घेतले होते, आणि घरात कुणाला पत्ता नव्हता.

"पैसा तुन्हा, पॉइंट मन्हा," त्या मला म्हणाल्या.

मी म्हटले, जिजी, पुन्हा मांडी घालून बसून जायचे असेल तर मागच्या साध्या खुर्चीत कमी पॉइंट लागतील. हिशेबाने मी बरोबर होते. जिजींनी कार्ड यंत्रात घातले, पावती बाहेर येईपर्यंत थांबल्या, ती नीट घडी करून रुमालात ठेवली.

"आते निजीसन जासू," त्या म्हणाल्या. "चार जणनी वाट कसाले देखू?"