गेट झाकलं होतं, रान चांगलं होतं

पाट भरून वाहत होता आणि भानुदासच्या गव्हाला थेंब नाही. त्याचं रान चारीच्या, म्हणजे पाटाच्या फाट्याच्या शेवटाला. फोनवर तो मला शिव्या देत होता. मी वालूरच्या पाणी वापर संस्थेचा पाटकरी. ज्याची बारी, त्याचं गेट उघडायचं. बारी संपली की झाकायचं. बायको गेल्यापासून घरात बोल लावणारं कुणी नाही, म्हणून भानुदासच्या शिव्याही गोड लागतात.

गेट बघत वर निघालो. लेक सुनीता भाकरी घेऊन संगं आली. ताडकळसला दिलेली, माहेरी आली होती. तिच्या छातीत गाठ लागली होती आणि दवाखान्याचं नाव काढू देत नव्हती. तिची आई छातीच्या कॅन्सरनंच गेली, वरीसही झालं नाही. आईचं रक्त आपल्यात आलंच असणार, तपासून काय करायचं, हेच तिचं गाणं.

मी म्हणलं, "आईचा एक गुण उचलला न्हाईस. भाकरी बघ, जिल्ह्याचा नकाशा हाय. गाठच तेवढी बरी उचलशील?"

ती हसली आणि तोंड फिरवलं.

चारीच्या तोंडाच्या गेटात कुणीतरी पोतं कोंबलं होतं. ओढून काढलं, पाणी धावलं.

बायकोच्या दुखण्यात परभणीच्या डॉक्टरबाईंनी समजावलं होतं, ते तिथं सुनीताला सांगितलं. अंगातल्या बारीक पेशींत जीन्स असतात, म्हणजे कामाचे हुकूम. कोणता चालू, कोणता बंद, हे काही एन्झाईम बघतात. कॅन्सरमध्ये कधी कधी ते वाढ रोखणारा जीनच बंद करून ठेवतात. जीन धड, पण बंद. मी बाईंना म्हणलं होतं, म्हणजे पाटकरीच बिघडला. त्या म्हणाल्या, मामा, तसंच समजा.

"भानुदासचं रान खराब हाय का?" मी विचारलं.

"न्हाई. गेट झाकलं होतं."

"मग आईचं बघून तुझं कसं कळंल? कुणाच्या घरात जीनच खराब येतो, त्याची बी तपासणी हाय. घरी बसून दोन्ही कळत न्हाई."



"मग आईचं गेट का उघडलं न्हाई, आबा?"

"गाठ लपवून बसली. ज्वारीची सुगी होऊ द्या म्हणली."

"मी बी हरभरा निघाल्यावर जाणार होते."

दुसऱ्या दिवशी दोघं एसटीनं परभणीला गेलो. गाठ कॅन्सरचीच निघाली, पण लहान. ऑपरेशन झालं, औषध चालू आहे. येळेवर आलात, असं बाई म्हणाल्या. हरभरा जावयानं काढला, निम्मा रानात सांडला. सुनीता त्याला रोज त्यावरून बोलते. बोलू द्या.

सुगी दरसाली येते. गाठ लागली तर सुगी तशीच सोडून दवाखाना गाठायचा.