माटोळीचा कोपरा
बाये, फोन नीट कानाला लाव गो, नुसतं येईन येईन म्हणून फसवतेस. आज आंब्याच्या टाळ्यांचा, कोवळ्या डहाळ्यांचा वास आला आणि ती गणपतीची चवथ आठवली. पाळी गावच्या खाणीच्या ऑफिसातला तुझा कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम चुकत होता, चूक सापडल्याशिवाय सुट्टी नव्हती. घरी प्रोग्रॅमचे छापील कागद पसरून तू मोजत होतीस, कुठल्या भागात जर-तरचे फाटे जास्त, कुठला सारखा बदललाय. गणपतीवर टांगायची फळांची माटोळी बांधता बांधता बाबा म्हणाले, "न वाचताच चूक कळते तुला?" "अंदाज कळतो, बाबा. तुमचा तो कोपरा बघा, गाठी जास्त, सोडून परत बांधलेला. तोच सुटणार." बाबांनी हट्टाने ओढून दाखवलं, तर नारळ हातात आला. तुझी चूकही सगळ्यात गुंत्याच्या भागातच निघाली आणि चवथीला तू घरी राहिलीस. बाबा अजून तो कोपरा रिकामा ठेवतात, म्हणतात, "तपासणारी येऊ दे." लवकर ये गो.