साइमीचं बुटकं पाईन

साइमीनं सख्ख्या थोरल्या बहिणीला बर्चच्या फोकांनी झोडपून उघडीच सॉनाबाहेर हाकललं, ही बातमी रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर सगळ्यांच्या तोंडी होती. आता सॉनात, म्हणजे तापल्या दगडांच्या त्या वाफेच्या न्हाणीत, पानांच्या फोकांनी एकमेकींची पाठ झोडणं हे आमच्याकडे मायेचंच काम; त्याला मारहाण म्हणायचं तर गावात निर्दोष कुणी उरायचं नाही. आणि हाकललं तर मुळीच नव्हतं. लेंपी आपल्या पायांनी पळाली.

या दोघींच्या जन्माला बापानं एकाच पाईनचं बी पेरलं होतं. लेंपीचं वाळूच्या टेकाडावर, साइमीचं घरामागच्या दलदलीत. दुसरीही मुलगीच म्हटल्यावर बापाला टेकाड चढायचा कंटाळा आला, असं म्हणतात. लेंपीचं झाड आज चर्चच्या मनोऱ्याशी स्पर्धा करतं. साइमीचं पन्नाशीला आलं तरी मनगटाएवढं जाड, तिच्या खांद्याला लागणारं. धनीणही तशीच ठेंगणी नि चिवट, म्हणून गावानं जन्मभर चेष्टा केली.

खरं तर बियात खोट नव्हती. मुळांशी सदा गार पाणी, खायला काही नाही. झाडानं पोट बघून अंग धरलं, इतकंच. पलीकडच्या दलदलीत चर खणून पाणी काढलं, तेव्हा तिथली तसलीच खुरटी झाडं सरसर वाढली. मात्र तिथली हिल्ला, दलदलीतच पिकणारी ती केशरी बेरी, गेली ती गेलीच. आणि साइमीची चूल हिल्ला विकूनच पेटते.

लेंपीचा नवरा तावेत्ती याला मात्र लाकडाची हाव सुटली. चर खणायचं यंत्र ठरलं, पण साइमीच्या दलदलीचा पट्टा नेमका त्याच्या जमिनीच्या मध्ये, आणि ती हो म्हणेना. मग त्यानं डोकं लढवलं. सॉनात आवाज चढवायचा नाही, भांडायचं नाही, ही आमची पिढ्यानपिढ्यांची रीत. तिथेच लेंपीनं गोड बोलून होकार मिळवायचा.

शनिवारी दोघी वरच्या बाकावर बसल्या. लेंपीनं विषय काढला. साइमीनं शांतपणे ऐकलं आणि तापल्या दगडांवर डावभर पाणी ओतलं. लेंपी झाडाच्या भल्याचं सांगू लागली. आणखी एक डाव. भांडण नाही, तंटा नाही, नुसती वाफ. वाफ आधी छताला जाते, आणि उंच लेंपीचं डोकं छताशीच. साइमीचं चांगलं हातभर खाली.

"साइमे, कान भाजले गं माझे."

"मग विषय बदल ना, ताई."

लेंपीनं विषय बदलला नाही. पुढच्या डावाला ती दार उघडून थेट तळ्याकडे धावली.

बाहेर ओट्यावर तावेत्ती कॉफीची किटली घेऊन होकाराची वाट बघत बसला होता. बायको समोरून गेली तशी त्याची कॉफी मांडीवर सांडली. साइमी टॉवेल गुंडाळून निवांत बाहेर आली, तेव्हा त्यानं कळवळून विचारलं, की त्या बिचाऱ्या झाडाला जरा उंच होऊ दिलं तर तुझं काय बिघडतं?

साइमी म्हणाली, "उंचीनं काय होतं ते आत्ताच तळ्याकडे पळत गेलं, दाजी. तुमचे चर माझ्या हद्दीशी थांबतील. माझं झाड पाण्यात पाय रोवून जगलंय, तसंच जगेल."