काटा हलत होता का?

वेधशाळेत तिला सगळे काटेबाई म्हणत. आडनाव वेगळंच होतं. पण बावीस वर्षं दर तीन तासांनी तबकडीवरचा काटा वाचून वाऱ्याचा वेग वहीत लिहिणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणणार? "अंदाज मिठाचा घ्यावा, वाऱ्याचा नाही," असं ती नव्या माणसांना सुनवायची.

वादळ जमिनीवर आलं त्या दुपारी तीन वाजता तिने लिहिलं : ताशी १६० किलोमीटर. वीस मिनिटांनी यंत्राचा खांबच मोडला.

दोन महिन्यांनी त्या आकड्यावर बैठक बसली. लांबट टेबल, पाण्याच्या बाटल्या, एकाच बाजूला वारा देणारा पंखा. उपग्रहाची चित्रं अभ्यासणारे शास्त्रज्ञ सांगत होते, ढगांच्या ठेवणीवरून वारा एकशे नव्वदचा दिसतो.

"ढग बघून?" बांधकाम खात्याचे इंजिनियर म्हणाले. "मग आम्हीही पोट बघून वजन सांगू."

"सांगा की. तुमचं तर लांबूनही सांगता येईल."

हशा पिकला. अध्यक्ष हसले नाहीत. "किनाऱ्यावर प्रत्यक्ष मोजलेला आकडा एकच आहे. बाईंचा."

तीही हसली नव्हती. तिचा धाकटा भाऊ गवंडीकाम करत करत ठेकेदार झालेला. त्याने बांधलेल्या शाळेचं छत त्या दुपारी कोसळलं आणि आसऱ्याला आलेल्यांतली एक म्हातारी त्याखाली गेली. छताने एकशे ऐंशीचा वारा सोसावा, असं कागदावर ठरलं होतं. वारा एकशे साठचा ठरला तर दोष भावाचा. एकशे नव्वदचा ठरला तर वाऱ्याचा. भाऊ बाहेर जिन्यात बसला होता. सकाळी एवढंच म्हणाला होता, "ताई, खोटं बोलू नकोस. पण नीट आठव."

नीट आठवण्यातच घोळ होता. तबकडीवरचे आकडे एकशे साठलाच संपत. पुढे पितळी खुंटी. काटा खुंटीला टेकला असेल, तर वारा त्याहून कितीही असू शकतो. तसं असतं तर पुढे 'किंवा जास्त' लिहायला हवं होतं. तिने लिहिलं नव्हतं. काटा मोकळा होता म्हणून, की घाईत राहून गेलं म्हणून? दोन महिने भांडी घासताना, बसच्या रांगेत उभी असताना ती तो काटा डोळ्यांपुढे आणून पाहत होती. जितकं पाहावं तितका तो आज्ञाधारक होत गेला. भाऊ मनात आला की खुंटीला टेकायचा, म्हातारी आली की सुटायचा.

"साधा प्रश्न आहे, बाई," इंजिनियर म्हणाले. "काटा हलत होता का? हलत असेल तर मोकळा. स्थिर असेल तर टेकलेला."

तिने समोरची पाण्याची बाटली बाजूला सरकवली.

"मला हलताना दिसला."

शास्त्रज्ञांनी पेन खाली ठेवलं. इंजिनियर खुर्चीत मागे रेलले. तिला वाटलं, झालं, आपण भावाला अडकवलं. मग तिचाच आवाज पुढे बोलू लागला.

"पण वीज गेली होती. खिडक्या सगळ्या बंद. मी टॉर्चच्या उजेडात बघत होते आणि माझा हात थरथरत होता. काटा हलत होता की उजेड, ते मला सांगता येणार नाही."

"मग तुम्ही एकशे साठ कशावरून लिहिलंत?" इंजिनियरांनी विचारलं.

"दिसलं म्हणून."

अध्यक्षांनी सांगितलं आणि लेखनिकाने टाइप केलं : वेधशाळेची नोंद विश्वासार्ह नाही, जमिनीवर येतानाचा वेग उपग्रहावरून एकशे नव्वद धरावा.

"म्हणजे कुणालाच माहीत नाही, म्हणून एकशे नव्वद," इंजिनियर कुरकुरले.

"माहीत असतं तर बैठक कशाला लागली असती?" अध्यक्षांनी चहा मागवला.

विश्वासार्ह नाही. हे शब्द तिने मनात दोनदा वाचले आणि बाहेर आली.

भाऊ उठून उभा राहिला. तिने आकडा सांगितला तसा तो मटकन पायरीवर बसला आणि हुंदके देऊ लागला. जरा वेळाने त्याने बाहीने तोंड पुसलं.

"म्हणजे छत मी बरोबर बांधलं होतं. वाराच तेवढा होता. हो ना, ताई?"

तिने कठडा धरला. "वारा खूप होता."

"खूप म्हणजे किती?" त्याने विचारलं, आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिला.